कमरेचा रकाना

माणूस समोर आला की माझी नजर आधी त्याच्या कमरेवर जाते, चेहऱ्यावर नंतर. ही खोड चांगली नाही हे मला कळतं, पण निवृत्त होऊन दीड वर्ष झालं तरी ती सुटत नाही. मागच्या महिन्यात सुनेबरोबर औरंगपुऱ्यात साडी घ्यायला गेले होते. दुकानदार एकावर एक साड्या उलगडत होता आणि मी त्याच्या शर्टाच्या चौथ्या बटणाकडं बघत होते. बटण ताणलेलं, हात मात्र काडीसारखे. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "दादा, साखर तपासलीय का कधी?"

सुनेनं कोपर मारलं. दुकानदार म्हणाला, "बाई, तुम्ही पदर बघा."

साडी न घेताच बाहेर पडले. घरी आल्यावरही मला चैन पडेना. परत जाऊन त्याला सांगावं का, असं दोनदा वाटलं. मग आठवलं, की असंच घाईघाईनं सांगून मी एकदा एका बाईचं किती नुकसान केलं होतं. ते सांगायलाच हा लेख लिहायला घेतला आहे. पण आधी कमरेबद्दल चार गोष्टी सांगाव्या लागतील, नाहीतर माझी चूक तुमच्या ध्यानात यायची नाही.

मी सरकारी नर्स. आमच्या पदाचं कागदावरचं नाव लांबलचक आहे, लोक 'सिस्टर' म्हणतात. बत्तीस वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची दहा पडेगावकडच्या एका छोट्या आरोग्य केंद्रात. दौलताबाद रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या वस्त्या आमच्याकडं होत्या. आधीची सगळी वर्षं लसी, बाळंतपणं आणि लोहाच्या गोळ्या यांत गेली. मग तीस वर्षांपुढच्या प्रत्येक माणसाची साखर आणि रक्तदाब बघायचं काम आलं. त्याच्या फॉर्मात एक रकाना होता: कमरेचा घेर, सेंटिमीटरमध्ये.

मला वाटलं, यात काय अवघड? पण पहिल्याच दिवशी कळलं, की कंबर नेमकी कुठं असते हेच कुणाला माहीत नाही. पुरुषांना वाटतं पट्टा बांधतात तिथं. बायकांना वाटतं परकराची नाडी बांधतात तिथं. दोन्ही चूक. बरगड्यांतली सगळ्यात खालची बरगडी हातानं चाचपायची. मग बाजूचं कुल्ल्याचं हाड वर जिथं संपतं ते शोधायचं. या दोहोंच्या मधोमध टेप. टेप सगळीकडून सारखी आडवी, मागून खाली घसरलेली नको. करकचून आवळायची नाही, लोंबतीही ठेवायची नाही. माणसानं पाय थोडे फाकून सरळ उभं राहायचं, श्वास सहज सोडायचा आणि तो सोडून झाला की आकडा वाचायचा. आपल्याकडच्या बायकांसाठी ऐंशी आणि पुरुषांसाठी नव्वद सेंटिमीटर ही मर्यादा. इंचांत सांगायचं तर साडेएकतीस आणि साडेपस्तीस.

वजन असताना कंबर कशाला, असं लोक विचारायचे. पोटावरची काही चरबी कातडीखाली असते, ती चिमटीत येते. काही आत असते, आतड्यांभोवती, यकृताभोवती. ती चिमटीत येत नाही आणि वजनकाट्यालाही वेगळी कळत नाही. साखर, रक्तदाब आणि हृदयाचं दुखणं यांना वाट करून देते ती ही आतली चरबी. आपल्याकडं तर हातपाय बारीक आणि पोट तेवढं पुढं, अशी माणसं गल्लोगल्ली. काटा म्हणतो ठीक आहे, टेप म्हणते नाही.

आता माणसं टेपसमोर काय काय करतात ते बघा. पोट आत ओढणं तर ठरलेलंच. आमच्या वस्तीत रऊफभाई म्हणून रिक्षावाले होते. टेप लावली की श्वास धरून पुतळ्यासारखे उभे राहायचे. मी म्हटलं, "रऊफभाई, पोट सोडा."

"मैडम, ये पेट नै है, रिक्षे का इंजन है. इसकू कायकू नापते?"

माझ्याकडं एक युक्ती होती. बोलताना माणसाला श्वास धरून ठेवता येत नाही. मी विचारलं, "मुलं किती तुम्हाला? नावं काय त्यांची?" ते सांगायला लागले. पहिलं नाव, दुसरं नाव, तिसऱ्यापर्यंत कसंबसं निभावलं. चौथ्या नावाला पोट धप्पकन बाहेर आलं. एकशे आठ.

रऊफभाई आकड्याकडं बघत म्हणाले, "चौथे का नाम नै लेना था."

बायकांचं वेगळं. त्या पोट ओढत नसत, पदर सोडत नसत. साडीच्या निऱ्या, परकर, वरून स्वेटर, आणि म्हणायच्या, "असंच घ्या की बाई वरून." पडद्याआड नेऊन एकेकीला समजावण्यात अर्धा दिवस जायचा. मग मलाही घाई व्हायची. स्वभावच तसा आहे. एका जागी पाच मिनिटं बसणं मला जड जातं. रांगेत तिसरी बाई उभी असते तेव्हाच माझं डोकं बाराव्या बाईपाशी पोचलेलं असतं.

एकदा एक गंमत झाली. सरकारी टेप हरवली म्हणून मी शिंप्याची कापडी टेप आणली. वर्षभर ती वापरली, धुतली, वाळत घातली. मासिक बैठकीत आमचं कौतुक झालं, की तुमच्या वस्तीतल्या कमरा कमी व्हायला लागल्यात, असंच काम चालू ठेवा. मी मान ताठ करून घरी आले. पण मनात किडा वळवळायला लागला. कमरा खरंच कमी झाल्या असतील तर साखरा का नाही झाल्या? शेजारच्या सुतारदादांकडं जाऊन टेप लोखंडी पट्टीला लावून बघितली. कापड ताणून दोन सेंटिमीटरनं लांबलं होतं. म्हणजे कमरा होत्या तेवढ्याच होत्या, टेप वाढली होती. कौतुक झालेलं असल्यामुळं हे सांगायला मला चार दिवस लागले. आमच्या डॉक्टर मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण समजूतदार. त्या पोट धरधरून हसल्या आणि स्वतःच्या पिशवीतली नवी टेप काढून दिली.

टेपनं मला मानही मिळवून दिला, तेही खोटं नाही. संतोष नावाचा एक मुलगा होता. मुलगा म्हणजे चौतीस वर्षांचा बाप्या, कंपनीत पाळ्या करणारा. वजन चौसष्ट. कुणीही सडपातळ म्हणावं असा. बायकोच्या तपासणीला सोबत म्हणून आला होता आणि दाराशी मोबाइल बघत उभा होता. मी म्हटलं, या इकडं. कंबर शहाण्णव भरली. तो हसला, "सिस्टर, टेप चुकली असंल. मी लई बारीक हाय." बोटातून रक्त काढलं तर साखर तीनशेच्या वर. त्याचं हसू तिथंच थांबलं. त्याचे वडील चाळिशीतच हृदयविकारानं गेलेले, हे बायकोनं सांगितलं.

त्या माणसानं मात्र मनावर घेतलं. औषधं सुरू केली, कंपनीच्या कँटीनमधली भजी सोडली, सुट्टीच्या दिवशी चालत दौलताबादच्या वाटेनं जायचा. वर्षभरानं एकदा मी रस्त्याच्या या बाजूला बसची वाट बघत उभी होते. पलीकडून मोटारसायकल थांबवून तो ओरडला, "सिस्टर, अठ्ठ्याऐंशी!" बसथांब्यावरच्या एका काकांनी मला विचारलं, "बारावी का?"

तेव्हापासून लोक मला 'टेपवाल्या सिस्टर' म्हणायला लागले. मला ते आवडायचं. मला वाटायला लागलं, की टेप लावली की माणूस मला कळतो.

त्याच सुमाराला द्वारकाबाई आल्या.

द्वारकाबाई पन्नाशीच्या, म्हणजे माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. दौलताबाद रस्त्याला पेरू विकायच्या. सकाळी टोपली डोक्यावर घेऊन जायच्या आणि संध्याकाळपर्यंत रस्त्याकडेला बसायच्या. नवरा रखवालदार. एक मुलगी, वैशाली. ती लग्न होऊन जवळच्याच गल्लीत राहायची आणि घरी मशीनवर ब्लाउज शिवायची. द्वारकाबाई कमी बोलणाऱ्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा कंबर शहाऐंशी, वजन अठ्ठावन्न, साखर थोडी वर. मी नेहमीचं सगळं सांगितलं. भात कमी करा, रात्रीची भाकरी अर्धी, रोज अर्धा तास चाला. त्यांनी "व्हय बाई" म्हणून सगळं ऐकून घेतलं.

दोन महिन्यांनी परत आल्या. कंबर एकोणनव्वद. मी विचारलं, "चालता का?"

"चालते की. पहाटंचं जाते मी."

"आणि भाकरी?"

"सोडलीच की रातची."

मला ते पटलं नाही. रोज पन्नास माणसं खोटं बोलतात, ही एक्कावन्नावी, असं मी मनात धरलं. फॉर्मात वजन लिहिलं, अठ्ठावन्न. कंबर लिहिली, एकोणनव्वद. पुढच्या बाईला हाक मारली.

तिसऱ्यांदा त्या आल्या तेव्हा केंद्रावर लसीकरणाचा दिवस होता. सगळीकडं बायका, रडणारी पोरं, कुठं बसायला जागा नाही. मी पडद्याआड टेप लावली. चौऱ्याण्णव. मला रागच आला. इतकं सांगूनही आकडा वाढतो म्हणजे काय? पडदा बाजूला सारत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "द्वारकाबाई, मला फसवताय का स्वतःला? चालणारीची कंबर अशी वाढते होय? उद्या साखर वाढली, पाय कापायची वेळ आली, की मग रडत येऊ नका माझ्याकडं."

दोन-तीन बायका फिसकन हसल्या. द्वारकाबाईंनी पदर सावरला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, मला आजही ते दिसतं. "बाई, मपलं पोट..." एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, "पोटाचंच तर सांगतेय." त्या निघून गेल्या.

पुढच्या तारखेला त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाही. मी यादीत त्यांच्या नावापुढं 'सल्ला मानत नाही' असं लिहिलं. माझ्याच अक्षरात.

अडीच महिने असे गेले. एक दिवस त्यांच्या गल्लीत बाळांच्या लसींची यादी करत फिरत होते. वैशालीच्या दाराशी थांबले. तिच्याही पोराचा डोस राहिला होता. ती मशीनवर बसली होती, समोर हिरवं ब्लाउज उसवलेलं. मी सहज म्हटलं, "नवीन शिवतेस का?"

"नाय ओ सिस्टर. आईचंच हाय. जुनंच आत घ्यायलेय. बाह्या दोन दोन बोटं सैल झाल्यात. खांद्यातून बी गळायलंय."

"म्हणजे बारीक झाल्या का आई? चांगलं आहे की."

वैशालीनं पायाखालचं मशीन थांबवलं. "तेच तर मला कळंना. दंड अन् छाती पार आटून गेली तिची. अन् परकराची नाडी पुरंना. गेल्या महिन्यात मी दोनदा लांब नाडी घालून दिली. असं असतंय का सिस्टर? माणूस वरून वाळतंय अन् मधीच फुगतंय?"

मी उंबऱ्यात उभी होते. हातातली यादी उंबऱ्यावर ठेवली. पिशवीतून रजिस्टर काढलं आणि द्वारकाबाईंचं पान शोधलं. कंबर शहाऐंशी, एकोणनव्वद, चौऱ्याण्णव. शेजारच्या रकान्यात वजन: अठ्ठावन्न, अठ्ठावन्न, अठ्ठावन्न.

घेर आठ सेंटिमीटरनं वाढतो आणि वजन पाव किलोही वाढत नाही, हे कसं होईल? चरबी वाढली असती तर काटा हलला असता. काटा हलला नाही, याचा अर्थ अंगातलं मांस झिजत होतं आणि पोटात दुसरंच काहीतरी भरत होतं. इतकी वर्षं नोकरी केलेल्या बाईला हे कळायला हवं होतं. दोन्ही रकाने मीच भरले होते. तीनदा. शेजारी शेजारी.

"आई कुठंय?"

"धंद्यावर. पर आता टोपली नाय उचलंत तिला. बाबा पोचवतेत."

लसींची यादी तिथंच राहिली. मी रिक्षा केली. रस्ता माझ्या पायाखालचा, पण त्या दिवशी संपता संपेना. उतरावं आणि पळत जावं असं वाटत होतं. द्वारकाबाई लिंबाच्या सावलीत पेरूंच्या ढिगामागं बसल्या होत्या. मला बघितल्याबरोबर पदर पोटावर ओढून घेतला. म्हणाल्या, "बाई, चालते मी रोज. देवाशप्पथ चालते."

मी तिथंच त्यांच्यासमोर मातीत बसले.

मी विचारलं, "द्वारकाबाई, जेवण जातं का?"

हा प्रश्न मी त्यांना पहिल्यांदा विचारत होते. तोवर मी फक्त काय खाता, किती खाता, एवढंच विचारलेलं.

त्या म्हणाल्या, "दोन घास खाल्ले की पोट गच्च व्हतंय. तुमी भाकर सोडा म्हनला तवा मला सोपंच गेलं. भूकच नव्हती बाई. रातीला उताणं निजता येईना, दम लागतोय. अन् लघवीला सारखं जावं लागतंय, धंदा टाकून कितीदा जायचं? मला वाटलं, वयानं असंल."

"हे मला का नाही सांगितलं?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि एक पेरू उचलून दुसऱ्या जागी ठेवला.

त्यांना तशाच रिक्षात घालून केंद्रावर आणलं. डॉक्टर मॅडमनी निजवून पोटावर हात ठेवला, बोटांनी ठोकून बघितलं, कूस बदलायला लावून परत ठोकलं. मग माझ्याकडं न बघता हळू आवाजात म्हणाल्या, "सिस्टर, हे पाणी आहे. आजच पाठवू." त्याच संध्याकाळी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली. पोटात पाणी होतं आणि अंडाशयावर गाठ. चांगली नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं. तो माणूस माझ्यापाशी येऊन म्हणाला, "सिस्टर, चांगली नाय म्हंजी काय? तुमी सांगा. तुमच्यावर लई भरोसा हाय तिचा."

कॅन्सर हा शब्द मी त्याला सांगितला. मग जिन्यात जाऊन उभी राहिले. वर गेले, खाली आले, परत वर गेले. कुठंच उभं राहवेना.

ऑपरेशन झालं. पोटातून काढलेल्या पाण्याच्या बाटल्या मी बघितल्या. ते माझ्या रजिस्टरातले आठ सेंटिमीटर होते. त्यांना मी भजी आणि आळस समजले होते. पुढं सहा वेळा औषध शिरेतून द्यायचं ठरलं. द्वारकाबाईंचे केस गेले. वैशालीनं मशीनवर मऊ सुती टोप्या शिवल्या आणि रोज वेगळ्या रंगाची आईला घालायची. मी दर रविवारी जायची. डबा न्यायची, बसायची, पाच मिनिटांत उठून पाणी आणायची, खिडकी उघडायची, परत लावायची. माफी मागायला म्हणून जायची आणि न मागता परत यायची.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी द्वारकाबाईच म्हणाल्या, "बसा ओ जरा एका जागी. किती येरझारा घालताव!"

बसले. म्हटलं, "द्वारकाबाई, माझं चुकलं. मला कळायला हवं होतं."

त्या छताकडं बघत होत्या. आवाज बारीक झाला होता, पण शब्द स्वच्छ. "कळलं नाय त्येचं काय नाय बाई. डाक्टरांना बी नाय कळत कधीमधी. पर तुमी त्या दिशी मला चारचौघीत बोलला ना, त्येच्यामुळं मी परत आले नाय. मला वाटायचं, जावं अन् सांगावं पोटाचं. दोनदा दारापत्तुर आले. आत तुमचा आवाज ऐकला अन् माघारी फिरले."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पेरूचा भाव सांगावा तसं त्या सांगत होत्या. "रागावला नसताव तर आले असते."

अडीच महिने. ते आधी मिळाले असते तर काय फरक पडला असता, हे मी नंतर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असं नेमकं सांगता येत नाही. हे उत्तर मी आजही घेऊन फिरते आहे. फरक पडला असता असं म्हणाले असते, तर निदान माझ्या शिक्षेचं माप मला कळलं असतं.

पुढच्या मासिक बैठकीत मी उभी राहिले आणि हे सगळं सांगितलं, नाव न घेता. 'सल्ला मानत नाही' हे मी लिहिलेले शब्दही वाचून दाखवले. एक वरिष्ठ म्हणाले, "सिस्टर, हे असं बैठकीत सांगायचं नसतं." मागून एक तरुण नर्स बोलली, "सर, सांगू द्या. मी पण असंच लिहिते." त्या दिवसापासून आमच्या केंद्रात एक प्रथा पडली. कंबर वाढलेली आणि वजन तसंच किंवा कमी दिसलं, की त्या नावाभोवती लाल गोल करायचा आणि मॅडमकडं पाठवायचं. फॉर्मात नसलेले दोन प्रश्न आम्ही पेन्सिलीनं कडेला लिहायला लागलो. जेवण जातं का? आणि अजून काही सांगायचंय का?

दुसऱ्या प्रश्नाला फार वेळ लागायचा. रांग वाढायची. त्या प्रश्नानंतर गप्प उभं राहणं मला निवृत्त होईपर्यंत नीट जमलं नाही. बाई सांगायला लागायची, "तसं काय नाय, पर..." आणि तिचं वाक्य मीच पुरं करून टाकायची. आयुष्यभर लोकांना सांगायची सवय लागलेली. ऐकायचं काम कुणी नेमून दिलं नव्हतं.

द्वारकाबाई दुखण्यातून उठल्या. केस परत आले, आधी होते त्याहून कुरळे. पेरूच्या जागेवर परत बसल्या, फक्त टोपली आता नवरा उचलतो. दर तीन महिन्यांनी तपासणी असते. तारीख जवळ आली की त्यांच्यापेक्षा माझीच झोप उडते. कुणी कशाची हमी देत नाही, आणि त्या मागतही नाहीत.

माझ्या निवृत्तीनंतर काही महिन्यांनी, एका दुपारी दारावर थाप पडली. उघडलं तर द्वारकाबाई, आणि त्यांच्यामागं लपल्यासारखी उभी असलेली एक स्थूल बाई. त्यांची जाऊ, अजिंठ्याकडची. दिराची शेती तिकडं. ती दोन दिवसांसाठी आली होती. गावात तपासणीला जायला तयार नव्हती.

"हिची कंबर मोजा," द्वारकाबाई म्हणाल्या. "लई वाढलीय. अन् ही कुणाला काय सांगंना."

जाऊबाई आत यायला तयार होईनात. उंबऱ्यातूनच पुटपुटल्या, "नगं ओ जाऊबाई. नर्सबाया लई रागवतेत. जाड म्हनून बोलतेत."

"ह्या नाय रागवत," द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि आम्हा दोघींच्या मधोमध ठेवली. "चांगल्या हायेत. तरी मी हितंच बसते."

मी टेप काढायला कपाटाकडं वळले होते. तशीच परत आले आणि समोर बसले. विचारलं, "काय होतंय, सांगा."

जाऊबाईंनी आधी जमिनीकडं बघितलं, मग द्वारकाबाईंकडं. बऱ्याच वेळानं बोलायला लागल्या. गुडघ्यापासून सुरुवात झाली. मग सुनेवर आल्या, मग झोप लागत नाही त्यावर, आणि मग कुठं पोटावर. मध्ये दोनदा मला वाटलं, आता बोलावं. कळलं मला, असं म्हणून सांगावं. दोन्ही वेळा तोंड उघडलं.

दोन्ही वेळा द्वारकाबाईंनी नुसतं माझ्याकडं बघितलं, आणि मी गप्प बसून ऐकत राहिले.